चावी कोणाकडे आहे?

हिरा,

परवा तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. नाव पुकारलं, माइकपर्यंत गेले, चष्मा लावला, चष्मा काढला, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि परत येऊन खुर्चीत बसले. लोकांना वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. पुढच्या रांगेतल्या एका नगरसेवकाने उठून मला पाण्याची बाटली दिली. मीही ती दुःखी चेहऱ्याने घेतली आणि अर्धी प्यायले. तू शेजारी असतीस तर कोपर मारून म्हणाली असतीस, "काय नाटकं करतंस गो, शालूबाय."

गहिवर वगैरे काही नव्हता. लाज वाटली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने माझी ओळख करून दिली ती अशी: "ताईंच्या जुन्या मैत्रीण, उत्तम वक्त्या, ताईंची विधानसभेतली भाषणं ज्यांच्या मार्गदर्शनाखाली घडली त्या शालिनीताई." मार्गदर्शन! त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो तेव्हा जन्मलाही नसेल. पण मागच्या रांगेत तुझ्या गावातल्या जुन्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक खुदकन हसली, दुसरीने तिला गप्प केलं. हिरा, मी त्या हसण्याला घाबरून परत फिरले.

आता घरात बसून लिहिते आहे. लिहिताना कुणी हसलेलं ऐकू येत नाही. शिवाय तू आता मध्ये बोलू शकत नाहीस, हा फायदा मला आयुष्यात पहिल्यांदा मिळतोय.

आपली ओळखच भांडणातून झाली, आठवतं? नेरूळची आमची सोसायटी नवीकोरी होती. ह्यांची नोकरी रबाळ्याच्या कारखान्यात, म्हणून आम्ही साताऱ्याहून उठून इथे आलो. भिंतींना अजून रंगाचा वास होता. मी महिला मंडळाची अध्यक्ष होते. कुणी निवडलं नव्हतं, मीच झाले. सोसायटीने कंपाउंड घातलं आणि तुमच्या गावातून गावदेवीला जाणारी पायवाट त्यात बंद झाली. तू पंधरा-वीस बायका घेऊन गेटवर आलीस. मी खाली उतरले, पदर नीट केला आणि म्हणाले, "हे पहा बाई, ही सोसायटीची खासगी जागा आहे."

"हो का?" तू म्हणालीस. "मंग माजा बाप भात कुठं लावायचा गो? तुज्या गॅलरीत?"

मी शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली बाई. मी म्हणाले, "चहा घेणार का?" तू घेतलास. पायवाट पुढच्या आठवड्यात उघडली. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी सांगितलं की हा मी वाटाघाटीतून काढलेला मार्ग आहे.

तेव्हाची मी कशी होते, हे माझ्या नातीला सांगितलं तर तिचा विश्वास बसत नाही. तुझ्या घरी पहिल्यांदा बोलावलंस तेव्हा ताटात खाडीची कोळंबी होती आणि मला मासळीच्या वासाचीही सवय नव्हती. मी म्हणाले, "आज माझा उपास आहे." पुढच्या वेळी पुन्हा उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकदा तर मी सरळ रविवारचा उपास सांगितला. एके दिवशी तू ताटात साबुदाण्याची खिचडी वाढलीस, वर शेंगदाण्याचं कूट, आणि माझ्यासमोर बसून मजेत कोळंबी खाल्लीस. "खा गो. येवढे उपास केलंस, देव पन दमला आसंल." त्या दिवशी मी तुझ्या ताटातली एक कोळंबी उचलली. मग दुसरी. पुढची तीस वर्षं ती कोळंबी माझ्या घरी डब्यातून येत राहिली.

मग तू आमदार झालीस. पक्षाला ऐन वेळी बाई उमेदवार हवी होती, गप्प बसणारी. त्यांनी तुला निवडलं! माणसं चुका करतात, पण इतकी सुंदर चूक क्वचित करतात.

निवडून आल्यावर तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलीस. "माजं अक्षर कोंबरीचं हाय. तू लिव." तेव्हापासून तुझे प्रश्न माझ्या डायनिंग टेबलावर लिहिले जाऊ लागले. रस्त्यावरचे दिवे, पाण्याचा दाब, मार्केटकडे जाणाऱ्या ट्रकांनी फोडलेला रस्ता, मिठागरं गेलेल्यांना द्यायच्या जागा. तू बोलायचीस, मी सरकारी भाषेत उतरवायचे. 'सदर', 'उक्त', 'असल्यास', 'नसल्यास'. मला वाटायचं, मी किती मोठं काम करते आहे! ह्यांना भाजी जळाल्याचा वास यायचा, मला इतिहास घडल्याचा.

त्या कामातली एक गोष्ट मात्र तूच मला शिकवलीस. प्रश्न महिनाभर आधी पाठवायचा. उत्तर त्या दिवशी छापून येतं. ते उत्तर ठरलेलं असतं: 'होय.' 'हे खरे नाही.' 'अंशतः खरे आहे.' आणि शेवटी, 'प्रश्न उद्भवत नाही.' छापील उत्तराला काही अर्थ नसतो, असं तू म्हणायचीस. खरा खेळ त्याच्या पुढचा. मंत्री उत्तर देऊन उभे असतात तेव्हा आमदाराला तोंडी उपप्रश्न विचारता येतो. एखाद-दुसरा. तेवढ्यात मंत्र्याला पकडायचं. नाहीतर अध्यक्ष म्हणतात, 'पुढील प्रश्न', आणि तुमचं सगळं वाहून जातं.

आपण दोघी त्या छापील भाषेत एकमेकींशी बोलायला लागलो. "चहा झाला का गो?" "अंशतः खरे आहे." "नवरा भांडला काय?" "होय." "मंग जेवन दिलंस?" "प्रश्न उद्भवत नाही." हसून हसून माझं पोट दुखायचं. तू एकदा गंभीर होऊन म्हणालीस, "शालूबाय, येक सांगू? मंत्री जवा बोलतो ना, प्रश्न उद्भवत नाय, तवा समजायचं आत कायतरी हाय." ते वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. पुढे ते माझ्या छातीवर येऊन बसलं.

तुमच्या गावात प्रसूतिगृह बांधून झालं होतं. पिवळा रंग, बाहेर पाटी, फीत कापून झालेली, आणि दाराला कुलूप. आत खाटा होत्या, हे खिडकीच्या फटीतून दिसायचं. बायका अडल्या की टेम्पोत घालून वाशीला न्यायच्या, मधला रस्ता खणलेला. तू सगळीकडे फिरलीस. ठेकेदार म्हणाला, इमारत ताब्यात दिली. एका कार्यालयाने सांगितलं, आमच्याकडे आली नाही. दुसऱ्याने सांगितलं, आली, पण कर्मचारी नाहीत. कर्मचारी आले होते! एक नर्सबाई रोज सकाळी येऊन कुलपासमोर ओट्यावर बसायची, स्वेटर विणायची आणि दुपारी घरी जायची. तू तिला विचारलंस, आत का जात नाय? ती म्हणाली, "ताई, चावी कुणाकडे आहे ते मला कुणी सांगितलंच नाही."

तू तिथून थेट माझ्याकडे आलीस. डोळे चमकत होते.

"गावला उपप्रश्न. उत्तरात मंत्री बोलनार, प्रसूतिगृह चालू हाय. मी उभी ऱ्हानार आनि येकच विचारनार, चावी कोनाकरं हाय?"

"आणि पुढे?"

"पुढं काय? बसनार."

चावी कोणाकडे आहे. एवढंच. आज मला त्या प्रश्नाचं सौंदर्य दिसतं. मंत्र्याला 'होय' म्हणता येत नाही, 'नाही' म्हणता येत नाही, 'अंशतः' तर मुळीच नाही. माणसाचं नाव सांगावं लागतं. पण तेव्हाच्या शालिनीला काय दिसलं? तिला दिसलं की हे विधानसभेला शोभत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला दिसलं की आपण पास काढून महिला मंडळाच्या बायका घेऊन गॅलरीत बसणार आणि आपली मैत्रीण उभी राहून एका ओळीत खाली बसणार. एवढ्यासाठी का आपण मॅटॅडोर ठरवला?

"हिरा, अगं स्त्रीचा प्रश्न आहे. मातृत्वाचा आहे. सभागृह हललं पाहिजे."

"हलवून काय करू? दार उघरायचंय."

"तू थांब. मी लिहून देते."

आणि मी लिहिलं. देवा रे. 'अध्यक्ष महोदय, ज्या महाराष्ट्राच्या मातीने मातृत्वाची महती मस्तकी मिरवली, त्याच मातीत मातृत्वाच्या मंगल मंदिराला आज कुलूप लागावे...' म म म म! मोजून बसवले होते मी ते म. ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "आगगाडीसारखं वाटतंय." मला ती स्तुती वाटली. दोन पानं झाली. तुझा प्रश्न मी टाकला नाही हं, तेवढी प्रामाणिक होते. तो दुसऱ्या पानाच्या तळाशी ठेवला, जरा धुऊन पुसून: 'सदर कुलपाची किल्ली नेमकी कोणाच्या स्वाधीन आहे, हे मंत्रीमहोदय स्पष्ट करतील काय?'

तू ते दोनदा ऐकलंस. म्हणालीस, "चांगलं हाय गो. पन माज्या तोंडात बसल का?" मी तुझी तालीम घेतली. माझ्या हॉलमध्ये, सोफ्यासमोर, निवडून आलेल्या आमदाराची, शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी! हात कुठे वर न्यायचा, कुठे थांबायचं. 'कोनाकरं' म्हणालीस की मी 'कोणाच्या' करून घ्यायचे. तू निमूटपणे करत होतीस. तुझ्यासारखी बाई निमूटपणे काही करते, तेव्हा समोरच्याने घाबरायला हवं, एवढी अक्कल मला नव्हती.

त्या दिवशी मी काय नटले होते! मोरपंखी नारायणपेठ, मोत्यांचा सर, अंबाड्यावर जाळी, त्यावर गजरा, आणि शेजारच्या पंजाबी वहिनींकडून मागून आणलेली लिपस्टिक. गॅलरीत पर्स नेऊ देत नाहीत हे माहीत नव्हतं, तर ती खाली जमा करताना मी पहारेकरी बाईशी हुज्जत घातली. मंडळाच्या बायकांना सांगितलं होतं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, पुढे वाकायचं नाही, बोलायचं नाही. नियम मी सांगितले होते, हे लक्षात ठेव.

तुझा प्रश्न पुकारला. मंत्र्यांनी वाचलं: इमारत पूर्ण झाली आहे, होय. बंद आहे, हे खरे नाही. विलंबाची कारणे, प्रश्न उद्भवत नाही. तू उभी राहिलीस. खोचलेला पदर, रिकामे हात. तोंड उघडलंस, आणि मग मान वर करून गॅलरीत पाहिलंस. माझ्याकडे.

मी हसले. हनुवटीने खूण केली: काढ.

तू कमरेच्या बटव्यातून माझी दोन पानं काढलीस.

'अध्यक्ष महोदय, ज्या महाराष्ट्राच्या मातीने' इथपर्यंत ठीक गेलं. मग समोरच्या बाकांवरून आवाज आला, "वाचू नका, वाचू नका!" सभागृहात कागद वाचून बोललेलं चालत नाही, हे तुला माहीत होतं. मला नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी भाषण करू नये, प्रश्न विचारावा." तू कागद खाली केलास. पाठ म्हणायला लागलीस आणि त्या म म म मध्ये अडकलीस. 'मातृत्वाची... मस्तकी...' तू थांबलीस. सगळं सभागृह थांबलं. आणि तेवढ्यात प्रेक्षक गॅलरीच्या कठड्यावर एक मोरपंखी बाई अर्धी बाहेर वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"मंगल मंदिराला!"

खाली जो हशा झाला, तो माझ्या कानात अजून आहे. दोन्हीकडची बाकं हसली. मंत्री हसले. सुरक्षावाल्या बाईने माझा दंड धरून मला मागे ओढलं, गजरा कठड्याच्या पलीकडे पडला. अध्यक्षांनी घंटा वाजवली, गॅलरीला तंबी दिली आणि म्हणाले, "पुढील प्रश्न."

झालं. दुसऱ्या पानाच्या तळाशी असलेल्या प्रश्नापर्यंत कुणी पोचलंच नाही.

परतताना तूही आमच्याच मॅटॅडोरमध्ये पुढे बसलीस. वाशीचा पूल आला तेव्हा तूच वळून म्हणालीस, "शालूबाय, आवाज मस्त पोचला हां तुजा. माइक नसून पन." सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. पुढे कित्येक महिने तो किस्सा मीच रंगवून सांगायचे, गजऱ्यासकट, आणि हळदीकुंकवाला बायका हसून लोळायच्या. हे माझं जुनं कसब. लाज वाटली की तिची गंमत करायची, म्हणजे दुसऱ्याने तिला हात लावायच्या आत ती आपलीच होते.

मग मे महिना आला.

तुझ्या भावाची सुनंदा, तुझी भाची, बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिलं. दुपारी कळा सुरू झाल्या. प्रसूतिगृह तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, आणि कुलूप तसंच. भाजीचा टेम्पो मिळेपर्यंत वेळ गेला, खणलेल्या रस्त्यावर आणखी गेला. सुनंदा वाचली. बाळ गेलं. मुलगा होता.

मी आले तेव्हा तू मागल्या अंगणात पाटावर बसून कोळंबी सोलत होतीस. घरात कुणी जेवणार नव्हतं, तरी सोलत होतीस. मी तुझ्यासमोर बसले. म्हणाले, "हिरा, मी तो कागद दिला नसता तर..."

तू मान वर केली नाहीस. "डाक्टर बोलला, नाळ मानंला व्हती. कदाचित हितं पन वाचला नसता."

"पण कदाचित वाचला असता."

तू पुढची कोळंबी उचललीस, टरफल काढलंस. मग तू म्हणालीस, "प्रश्न उद्भवत नाय."

त्यावर आपण दोघी पुन्हा कधी बोललो नाही. हिरा, मी पहिल्या रात्री समजले की तू मला माफ केलंस. दुसऱ्या दिवशी मला तुझं ते वाक्य आठवलं. तवा समजायचं, आत कायतरी हाय.

पुढच्या अधिवेशनात तू तोच प्रश्न पुन्हा लावलास. माझ्या टेबलावर नाही लिहिलास. मला बोलावलं नाहीस, मीही आले नाही. गावातल्या बायकांकडून कळलं की तू उभी राहिलीस, म्हणालीस, "चावी कोनाकरं हाय?" आणि बसलीस. तुझ्याच बोलीत. मंत्री मागे वळून अधिकाऱ्यांकडे पाहायला लागले, अधिकारी एकमेकांकडे. कुणी हसलं नाही. "माहिती घेऊन सांगतो," एवढंच मंत्री म्हणाले. अधिवेशन संपायच्या आत साहेबलोक गाडी घेऊन गावात आले. चावी सापडलीच नाही! हातोडा आणून कुलूप तोडलं. तू माझ्याकडे पेढा घेऊन आलीस, "बघ, कोनाकरंच नव्हती," म्हणालीस आणि पोट धरून हसलीस. मी पेढा तोंडात घातला. गोड लागला नाही. इतक्या सहज उघडणारं दार होतं ते.

त्यानंतर आपण इतकी वर्षं मैत्रिणी राहिलो, हे तुझं कर्तृत्व. माझं नाही. तू दुसऱ्या निवडणुकीत पडलीस तेव्हा मी तुझ्यापेक्षा जास्त रडले आणि तू मला कोळंबीचं कालवण खाऊ घातलंस. ह्यांच्या आजारपणात रोज दवाखान्यात तू बसायचीस, नर्सना दरडावायचीस. आपण भांडलोही किती! माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून तू म्हणायचीस, "हितं आमची विहीर व्हती." मी म्हणायचे, "आम्ही पैसे मोजून घेतलंय घर, फुकट नाही." "पैसे कोनाला दिलंस? मना तर नाय मिळालं." हे भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. गेल्या दिवाळीला सीवूड्सच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर उभी राहून तू मला सांगत होतीस की इथे खाडीच्या चिखलात तू चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायचीस, आणि मी म्हणत होते, आधी पाय उचल, जिना संपला! आता त्या भांडणात मी एकटी उरले आहे. एकटीने भांडायचं तर तुझी बाजू घ्यावीशी वाटते.

पण ते एक मी विचारलं नाही. मला तुझी माफी नको होती, म्हणजे हवी होती, पण त्याआधी दुसरंच काही हवं होतं. तुला माहीत होतं की सभागृहात वाचलेलं चालत नाही. तुझा स्वतःचा प्रश्न तुझ्या जिभेवर होता. तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग तू कागद का काढलास? तू कुणाच्या बापाचं ऐकणारी बाई नव्हतीस. पक्षाचं ऐकलं नाहीस, नवऱ्याचं नाही, मंत्र्याचं नाही. माझ्या हनुवटीचं का ऐकलंस?

शेवटी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा विचारणार होते. तू डोळे उघडलेस, म्हणालीस, "काय गो, उपास हाय का आज?" मी हसले. वेळ गेली. पुढील प्रश्न.

शोकसभा संपल्यावर मी मान खाली घालून निघाले होते. दाराशी सुनंदाने हात धरला. ती आता माझ्यासारखीच आजी झाली आहे, केस पांढरे. तिच्या धाकट्या दोन्ही मुली त्याच प्रसूतिगृहात झाल्या, हे तुला माहीत आहेच, दोघींची नावं तू ठेवलीस. तिच्यासमोर मी इतक्या वर्षांत कधी नीट उभी राहिले नाही. लग्नकार्यात तिला पाहिलं की मी पंगतीचं टोक बदलायचे.

"बोलली का नाय मावशी?"

मी म्हणाले, "मी बोलले की काय होतं, तुला माहीत आहे."

माझा हात तिच्या हातातच होता.

"माजं बाळ गेलं ना, तवा मी आतेवर लय रागावलेली. बोलली, तुला माहीत व्हतं तर तू त्या बाईचा कागद वाचलास कशाला? आते रडली. मी तिला कवा रडताना बघितली नव्हती. बोलली..." मग तिने अगदी तुझ्या आवाजात, तुझी मान वाकडी करून सांगितलं:

"बोलली, वर बघितलं तर शालूबाय येवढी नटून आलेली गो."